वंशावळ काढताच आहात, तर आजीचंही नाव लिहा

"आमच्या खानदानात कुणाला कॅन्सर नाही." हे वाक्य तुळजापुरात, धाराशिवमध्ये, नळदुर्गात कुठंही ऐकायला मिळतं. आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. मुद्दाम खोटं बोलतात असं नाही, लोकांना खरंच माहीत नसतं. आजी "पोटात गाठ होऊन" गेली. आत्या "अंगावर जाऊन जाऊन खंगली". चुलतआजीला "छातीला काहीतरी झालं होतं, तिनं दाखवलंच नाही". कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारलाच नाही, म्हणून खानदानात कॅन्सर नाही. हिशेब संपला.

विषय आनुवंशिक कॅन्सरचा आहे, पण सुरुवात वंशावळीपासून करतो, कारण त्यात आपण सगळे तज्ज्ञ आहोत. २०२३ पासून मराठवाड्यात घरोघरी वंशावळी निघाल्या. शिंदे समिती नेमली गेली, निजामकालीन कागद उपसले गेले, मोडी वाचणाऱ्या माणसांना कधी नव्हे तो भाव आला. पणजोबाच्या नावापुढं कुणबी लिहिलंय का, हे शोधायला माणसांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, वंशावळीची प्रतिज्ञापत्रं केली. त्याबद्दल अजिबात तक्रार नाही, हक्काचा कागद शोधलाच पाहिजे. पण ती वंशावळ जरा समोर धरून बघा. त्यात आजीचं नाव आहे का? आजोबाच्या बहिणी आहेत का? आईच्या माहेरचं कुणी आहे? नाही. बापाचा बाप, त्याचा बाप, त्याचे भाऊ. सात पिढ्यांचे पुरुष पाठ, आणि सख्खी आत्या कशानं गेली ते माहीत नाही.

कुलस्वामिनीच्या गावात राहून हे लिहावं लागतंय. अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं इथं कुळाच्या नात्यानं येतात. कूळ म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त आपलं कूळ बापाच्या बाजूनं चालतं, आणि शरीर तसं चालत नाही. शरीर अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून.

थोडं शास्त्र, कंटाळू नका. प्रत्येक पेशीत काही जनुकं दुरुस्तीचं काम करतात, म्हणजे डीएनए तुटला की जोडतात. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही त्यातली दोन. बीआरसीए१ सतराव्या गुणसूत्रावर आहे हे १९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं. वर्षानुवर्षं लोक त्यांना सांगत होते की स्तनाचा कॅन्सर असा एका जनुकातून येत नसतो. या जनुकांत जन्मतःच बिघाड असेल, तर बाईला ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता बीआरसीए१ मध्ये साधारण ४४ टक्के, बीआरसीए२ मध्ये १७ टक्के. आणि ज्याच्या अंगात हा बिघाड आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी.

इथंच आपली सगळी समजूत कोलमडते. "बायकांचा आजार" म्हणून आपण तो बायकांकडूनच येणार असं धरून चालतो. बाप ठणठणीत असतो, त्याला आयुष्यात काही होत नाही, आणि त्याच्याकडून बिघाड लेकीकडं जातो. त्या बापाची आई आणि बहीण कशानं गेली हे कुणी विचारत नाही, कारण डॉक्टर विचारतात "आईला होता का?" आणि लेक म्हणते, "नाही." उलट सुनेला कॅन्सर निघाला की सासरची मंडळी लगेच म्हणतात, "तिच्या माहेरची खोड." बरं, माहेरची असेल! पण तुमच्या लेकराच्या अंगात तुमचंही रक्त आहे. तुमच्या बाजूचं कोण, कधी, कशानं गेलं ते सांगा की.

घरच्यांना विचारलं तर किती कळतं याची एक जुनी गोष्ट आहे. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला त्याच्या ओळखीतली एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली, मी पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या आजारानं मरणार, आमच्या घरातले सगळे तसेच जातात. ती खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. वॉर्थिननं तिच्या घराण्याची वंशावळ काढली आणि १९१३ साली छापली. मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर घराण्यात चालवणाऱ्या त्या दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. तेव्हा जनुक म्हणजे काय हेही धड कुणाला ठाऊक नव्हतं. एक शिंपीण बोलली आणि एका डॉक्टरनं लिहून घेतलं, एवढंच भांडवल.

आता आपल्याकडचं लिहून घेणं बघा. आशाताई घरी येतात, तिशीपुढच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. त्याला सीबॅक म्हणतात. तंबाखू खाता का, दारू पिता का, कंबर किती, व्यायाम करता का. घराण्याचाही एक प्रश्न त्यात आहे: आईवडील किंवा भावंडांत कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का? कॅन्सर नाही! स्तनात गाठ आहे का, तोंडात न भरणारी जखम आहे का, हे पुढं विचारतात, म्हणजे आजार उगवल्यानंतरचं. पण "तुमच्या आईला, मावशीला, आत्याला होता का" हा फुकटातला प्रश्न देशभरच्या फॉर्ममध्ये नाही. आशाताईचा यात काडीचा दोष नाही. जे छापलंय ते ती भरते, आणि मोबदल्यासाठी तिलाच आंदोलन करावं लागतं.

सरकार विचारत नाही म्हणून दुकानदार विचारायला लागलेत. फोनवर रोज पॅकेजची जाहिरात येते: संपूर्ण शरीर तपासणी, साठ चाचण्या, त्यात "कॅन्सर मार्कर" मोफत. आता तर थुंकी पाठवा आणि तुमच्या जनुकांत कॅन्सर आहे का बघा. मी इथं कुणा लॅबचं नाव घेत नाही, सगळ्यांची भाषा एकच आहे. त्या मार्करमधला सीए-१२५ पाळीच्या दिवसांत वाढतो, गर्भाशयात साध्या गाठी असल्या तरी वाढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर, कित्येक वर्षं, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. २०२१ साली निकाल आला की त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. तीच चाचणी आपल्याकडं भेट म्हणून वाटतात. आकडा वाढला की बाई घाबरते, आणि घाबरलेली बाई हे या भागातलं जुनं गिऱ्हाईक आहे.

कसं, ते सांगतो. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण देशभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींनी काय सांगितलं ते आठवा. अंगावरून जात होतं, पोट दुखत होतं, डॉक्टर म्हणाले काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. पंचविशी-तिशीतल्या बाया! कुणी पॅप स्मिअर केला नाही, कुणी तुकडा तपासायला पाठवला नाही, कुणी घराण्याचा इतिहास विचारला नाही. तो कॅन्सरचा प्रतिबंध नव्हता, कॅन्सरच्या नावानं केलेली वसुली होती. कोयता बंद राहिला की खाडा भरावा लागतो, म्हणून बाईनंही हो म्हटलं. हे बीडचं म्हणून हात झटकू नका, आपल्या जिल्ह्यातूनही टोळ्या जातात.

यातली क्रूर गंमत बघा. धोका कमी करायला अवयव काढणं हा आनुवंशिक कॅन्सरमधला खरा, सिद्ध झालेला उपाय आहे. बीआरसीए१ चा दोष असलेल्या बाईनं मुलंबाळं झाल्यावर, ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढल्या तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. अँजेलिना जोलीनं २०१३ साली स्तन काढून घेतल्याचं जगाला सांगितलं, २०१५ साली अंडाशय काढले. तिची आई ५६ व्या वर्षी गेली होती. तिनं आधी जनुकाची चाचणी केली, सल्ला घेतला, मग ठरवलं. म्हणजे जिला खरंच गरज आहे अशा आपल्याकडच्या बाईला कुणी चाचणी सांगत नाही, आणि जिला गरज नव्हती तिची पिशवी दुपारच्या आत काढून होते.

आता कुणी म्हणेल, मग सगळ्यांची जनुकं तपासा. नाही! इथं माझं भांडण दुसऱ्या टोकाशीही आहे. सगळ्या कॅन्सरपैकी जन्मजात एका दोषामुळं होणारे साधारण पाच ते दहा टक्के. बाकीचे तंबाखू, विषाणू, वय, आणि काही निव्वळ नशीब. आपल्या भागातल्या पुरुषांचं तोंड गुटख्यानं आणि तंबाखूच्या चुन्यानं सडतं, त्याला आजोबा जबाबदार नाहीत. आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, ज्यानं ग्रामीण मराठवाड्यातल्या बाया वर्षानुवर्षं नेल्या, तो एचपीव्ही या विषाणूमुळं होतो. तो खानदानी नाही. त्याला "खानदानी" म्हणणं म्हणजे सरकारला सुट्टी देणं.

कारण हा कॅन्सर कसा रोखायचा, हे जगाला कुणी शिकवलं माहीत आहे? या जिल्ह्यातल्या बायांनी. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, आकडे घ्या. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं ५२ गटांत विभागून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायांवर एक चाचणी-अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था. बार्शीचे डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत, संस्थेचे डॉ. शंकरनारायणन ही त्यामागची माणसं. एका गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी, एकाला पॅप स्मिअर, एकाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि ३१,४८८ बायांच्या चौथ्या गटाला काहीच नाही, नेहमीची सरकारी सेवा. आठ वर्षं पाठपुरावा झाला. एचपीव्ही गटात पुढच्या टप्प्याचे कॅन्सर ३९ निघाले, काहीच न मिळालेल्या गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्मे. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते छापून आलं. एचपीव्ही चाचणी हीच पहिली चाचणी असावी असं जागतिक आरोग्य संघटना आज म्हणते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांत हा एक आहे.

चौथ्या गटातल्या बायांना तपासणी न देणं बरोबर होतं का, यावर जगात पुढं बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. माझा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. अभ्यास संपला, शोधनिबंध झाला, बढत्या झाल्या, जगानं धडा घेतला. या जिल्ह्याच्या वाट्याला काय आलं? आज तुळजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात चाळिशीची बाई गेली आणि म्हणाली, "मला एचपीव्हीची चाचणी करायची आहे", तर नियमित, फुकट, नोंद ठेवून ती होते का? सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी लिहिलेली आहे, तीही ॲसिटिक ॲसिडची. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात एकदा करून जिचा मृत्यूंवर ठोस परिणाम दिसला नव्हता, ती. मुंबईच्या वस्त्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी, नेमानं, प्रशिक्षित बायांकडून केली तेव्हा मृत्यू ३१ टक्के घटले. नेमानं, हा शब्द महत्त्वाचा. आणि आपला नेम किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के बायांनी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी केल्याचं सांगितलं. स्तनाची तर एक टक्कासुद्धा नाही. शिबिर होतं, रिबीन कापली जाते, फोटो निघतो, व्हॅन पुढच्या तालुक्याला जाते.

पैसे नाहीत म्हणाल, तर मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या विकास आराखड्याला १,८६५ कोटी मंजूर झाले. आईच्या दाराचा विकास व्हावाच, कोण नको म्हणतंय. पण त्या दारात ओटी भरायला लाखो बाया येतात. त्यातल्या तीस-पस्तिशीपुढच्या बायांना स्वतःचा नमुना स्वतः घेता येईल अशी स्वच्छ खोली, दोन परिचारिका आणि बार्शी-सोलापूरला नमुने नेणारी एक गाडी, याला त्या आराखड्यात किती शून्यं लागतील? एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, पडद्याआड, दोन मिनिटांत. पुरुष डॉक्टरसमोर झोपावं लागत नाही. आपल्याकडच्या बाया तपासणीला का येत नाहीत याचं अर्धं उत्तर एवढ्यातच आहे. पुण्यात सीरमनं सर्वाव्हॅक ही लस बनवली, ती २०२३ साली बाजारात आली. चाचणी माहीत, लस आपल्या राज्यात बनते, पुरावा आपल्या जिल्ह्यातला. राहिलं काय?

तेव्हा मागण्या दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. सगळ्या बायांना साधी तपासणी, आणि ज्यांच्या घराण्यात खूण दिसते त्यांना खास लक्ष.

खूण म्हणजे काय, नीट लिहून ठेवा. एकाच बाजूच्या, आईच्या किंवा बापाच्या, दोन-तीन माणसांना स्तन, अंडाशय, स्वादुपिंड किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर. पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर. अंडाशयाचा कॅन्सर, मग वय काहीही असो. दोन्ही स्तनांत. पुरुषाच्या छातीत. घरात असं काही असेल, तर जनुकाची चाचणी आधी ज्याला कॅन्सर झालाय त्याची करायची, धडधाकट माणसाची नाही. आजारी माणसात दोष सापडला तरच बाकीच्यांत तोच दोष शोधण्याला नेमका अर्थ येतो. त्या एका बाईच्या चाचणीवर तिच्या बहिणी, लेकी, पुतण्या, सगळ्यांचं पुढचं ठरतं. टाटा मेमोरियलकडं यासाठी कॅन्सर जेनेटिक्सचा वेगळा दवाखाना आहे. पण तुळजापूरची बाई परळला पोचते ती आजार पसरल्यावर, आणि तेव्हा तिच्या बहिणींचा विचार करायला कुणाला उसंत नसते. फुले योजना पाच लाखांचं संरक्षण देते, ते आजारी पडून भरती झाल्यावर. धडधाकट बहिणीला आजारी पडू न देण्यासाठी त्यात काही नाही. धाराशिवला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं वंशावळ काढून समजावून सांगणारा एक प्रशिक्षित माणूस बसवायला कुठली परदेशी मदत लागत नाही.

आणि आता सगळ्यात जड हरकत: "लग्नं मोडतील." खरी आहे ती, हसण्यावारी नेऊ नका. पोरीच्या घराण्यात कॅन्सर आहे हे पाराशी कळलं तर स्थळ फिरतं. आशाताई गावातलीच कुणाची तरी सून असते, तिच्या वहीतलं गावात जायला वेळ लागत नाही. अमेरिकेत जनुकाच्या माहितीवरून आरोग्यविमा किंवा नोकरी नाकारू नये म्हणून २००८ साली कायदा झाला. आपल्याकडं असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून मी असं म्हणत नाही की भिंतीवर यादी लावा. आशाताईनं फक्त "हो किंवा नाही" टिपावं, तपशील डॉक्टरनं बंद खोलीत घ्यावा, कागद कुलपात राहावा, आणि कायद्याची मागणी आपल्या खासदारानं लोकसभेत करावी.

पण लग्नाच्या भीतीनं गप्प बसणाऱ्यांना एक विचारतो. पोरीचं लग्न बावीसाव्या वर्षी उरकलं, गोष्ट लपली. अडतीसाव्या वर्षी तिला गाठ निघाली, पदरात दोन लेकरं. पोरीच्या संसाराचं रक्षण झालं का यात? बिघाड पोरातही तितकाच असतो, त्याचं स्थळ कुणी नाकारत नाही. मामाच्या पोरीशी सोयरीक करताना "घरातलीच आहे" म्हणून आपण खूश असतो, तेव्हा आजी कशानं गेली हा प्रश्न दोन्हीकडून एकच असतो आणि दोन्हीकडून विचारला जात नाही.

बाया हे काम करू शकत नाहीत, गावात समजत नाही, असं कुणी अधिकारी म्हणाला तर त्याला अणदूरला पाठवा. आपल्याच तालुक्यात हॅलो मेडिकल फाउंडेशननं, डॉ. अहंकारी दांपत्यानं, आशा योजना यायच्या कितीतरी आधी गावातल्या कमी शिकलेल्या बायांना शिकवून भारतवैद्य केलं. आणि बार्शीत १९८७ पासून गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवली जाते, भारतातली ग्रामीण भागातली ती पहिली नोंदणी. या पट्ट्याला लिहून ठेवायची सवय देशात सगळ्यात जुनी आहे.

येत्या ग्रामसभेत तीन ओळींचा ठराव मांडा. सीबॅक फॉर्ममध्ये आई आणि बाप दोन्ही बाजूंच्या कॅन्सरचा प्रश्न घाला. उपजिल्हा रुग्णालयात एचपीव्ही चाचणी कायमस्वरूपी सुरू करा. जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात आनुवंशिक कॅन्सरची बाह्यरुग्ण सेवा आठवड्यातून एक दिवस ठेवा. ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हाधिकारी आणि आमदार तिघांना, पोच घेऊन. मसुदा टाइप करून ठेवलाय, ज्या गावाला पाहिजे त्यांनी मागा, पाठवतो.